जाड तारा

९ फेब्रुवारी

चि. चिमीस,

दादाचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. वहिनी बरी आहे, एक गुडघा सोडून. माझं दुकानही बरं चाललंय, म्हणजे लोक अजून शिलाई मशिनी मोडतात आणि मी त्या जोडतो. समोर नव्या मशिनींचं काचेचं दुकान निघालं तेव्हा सगळे म्हणाले, आता दादा बसला. पण नव्या मशिनी जुन्यांपेक्षा लवकर मोडतात. काचवाल्याचं भलं होवो.

फोन न करता तू पत्र लिहिलंस तेव्हाच समजलो, की माझ्या तोंडी लागायचं नाहीये तुला. शहाणी आहेस. फोनवर मी जे बोललो असतो ते तुझ्या त्या निर्मात्याच्या कानावर पडण्यासारखं नव्हतं.

तू दोन गोष्टी मागितल्यास. माळ्यावर ठेवलेली तुझी लाल गिटार, आणि मी. मी येऊन तुझ्या नव्या बँडात बास वाजवावा म्हणतेस. गिटारचं बघतो. माझं विसर.

पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. वहिनीनंही ऐकलं, ती म्हणाली, किती स्वच्छ वाजवतात गं बाई. बरोबर बोलली. इस्पितळात फरशी पुसल्यावर असतं तितकं स्वच्छ. तुझ्या त्या गिटारवाल्यानं पायाशी दिव्यांच्या पेट्यांची रांग मांडलीये, एक दाबली की विहिरीतून वाजतं, दुसरी दाबली की ढगातून. माणसातून वाजायची पेटी अजून निघालेली दिसत नाही. ब्लूज म्हणजे काय, तर रडायचं असतं पण बसल्या जागेवरून पाय ठेका धरतो, तेवढंच. आणि ही पोरं, चिमे, अजून कुणाच्या दारातून हाकलली गेलेली नाहीत. निर्माता तर त्याहून थोर. फोटोत बघितला. घरात मफलर घालतो. गळा त्याचा जपायचा आहे की तुझा, हे एकदा विचारून घे.

आता तुझ्या नवऱ्याचं.

तू त्याच्याबद्दल चार पानं लिहिलीस. वाचताना मी एवढी मान डोलावली की वहिनी म्हणाली, काही आनंदाची बातमी आहे का. तुझं सगळं खरं आहे. त्या माणसासारखा दिखाऊ प्राणी मी दुसरा बघितला नाही. काळा चष्मा लावून माझ्या दुकानात शिरतो आणि मशिनीला अडखळतो. केस रंगवतो आणि कानाच्या मागे विसरतो. मुलाखतीत सांगतो, गिटार मला दुःखानं शिकवली. दुःखानं कसली, मी शिकवली, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, मान तुटलेल्या गिटारवर, आणि त्या वेळी त्याला दुःख एवढंच होतं की वहिनी दुसऱ्यांदा चहा विचारत नव्हती.

तुला आठवतं ना ती खोली? तू पायमशीनच्या खोक्यावर बसून गायचीस. एका पेपरवाल्यानं लिहिलं होतं, या बाईचा आवाज गंजक्या बिजागरीसारखा आहे. तू दोन दिवस जेवली नाहीस. आणि हा लांब्या तो कागद फडकवत आला, म्हणाला, बँडचं नाव सापडलं. ‘गंजकी बिजागरी’. मी म्हटलं, हा वेडा आहे, याच्याशी लग्न करू नकोस. तू त्याच महिन्यात केलंस. आपलं कोण ऐकतं.

मग हॉटेलांची तळघरं झाली, कारखान्यांची संमेलनं झाली, एका जहाजावरही वाजवलं, तिथं श्रोत्यांआधी आपला ड्रम बडवणारा ढोल्याच ओकला. पहिली रेकॉर्ड निघाली आणि ‘पाणी तापत ठेवलंय’ लोकांच्या तोंडी बसलं. रस्त्यात भाजीवाले तुला बघून ‘ठेवलंय’ची तान मारायचे. तेव्हापासून याचे पाय जमिनीला लागेनात. पोस्टरवर तू बोटाएवढी आणि हा हाताएवढा. त्या पोस्टरवर मी तर नव्हतोच, माझी टोपी होती.

तेव्हा माझ्याकडून त्याची वकिली होईल अशी भीती बाळगू नकोस. तू लिहिलंस, मला माझी गिटारसुद्धा कधी लावू दिली नाही, प्रत्येक कार्यक्रमाआधी स्वतः लावून हातात द्यायचा, लहान मुलाला बुटाची नाडी बांधून द्यावी तशी. खरं आहे. तू लिहिलंस, त्या जाड जाड तारा मुद्दाम चढवायचा, माझ्या बोटांना घट्टे पडले, आणि इथं या पोरांनी दिलेल्या गिटारच्या तारा लोण्यासारख्या आहेत. असतील. तू लिहिलंस, फुंक्याला काढलं ते माझी त्याच्याशी मैत्री होती म्हणून. फुंक्याइतका गोड माउथ ऑर्गन परत कुणी वाजवला नाही हे मी कुठंही सांगेन. आणि गाडीत आपली जुनी रेकॉर्ड लावली की हा बंद करायचा, मागचं ऐकू नये म्हणायचा. म्हणायचा खरा.

या चार गोष्टींवर मी जास्त काही लिहीत नाही. बाकी शंभर गोष्टींवर हवं तेवढं लिहीन, चष्म्यावर वेगळं पत्र लिहीन.

लांब्या रोज येतो इथं. दुपारी. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसतो, आणि दोऱ्याचे डबे रंगाप्रमाणे लावतो. मी ते नंबराप्रमाणे लावलेले असतात. तू कुठं आहेस हे विचारत नाही, मी सांगत नाही. काल म्हणाला, तिथं थंडी फार असते म्हणतात. मी म्हटलं, कुठं? तर पुढचा डबा उचलला.

एक काम कर. मोठ्या सभागृहातला कार्यक्रम आहे म्हणतेस, तो रेकॉर्डही होणार. त्या पोरांना सांग, ‘पाणी तापत ठेवलंय’ खालच्या पट्टीत घ्या. थोडीथोडकी नाही, चांगली खाली. गिटारवाल्याला म्हणावं, दादानं सांगितलंय. कारण विचारलं तर सांग, म्हातारा आहे, म्हाताऱ्यांना लहर येते.

गळ्याला ऊब दे. गार पाणी पिऊ नकोस. वहिनी आठवण काढते.

तुझा दादा


२७ फेब्रुवारी

चि. चिमीस,

आशीर्वाद आहेतच, तू रागावलीस म्हणून परत घेता येत नाहीत. इकडचं काही विचारू नकोस, गुडघा तसाच आहे.

तुझं दुसरं पत्र चार वेळा वाचलं. तू लिहितेस, हे गाणं मी पहिल्या दिवसापासून त्याच पट्टीत गातेय, मागच्या थंडीपर्यंत गायलेय, आता कशाला खाली आणू, म्हातारी झाले का. मग खालच्या ओळीत लिहितेस की तालमीत ‘ठेवलंय’ला आवाज फाटला. एकदा नाही, दर वेळी. मफलरवाल्यानं डॉक्टर आणला, डॉक्टरनं बोलूही नका म्हणून सांगितलं, आणि तू म्हणतेस हे त्या हॉलच्या थंड हवेनं झालं, कार्यक्रम होणारच, आणि नाही जमला तर परत कधीच गाणार नाही. आणि शेवटी, पानाच्या अगदी कडेला, लिहिलंस, ‘त्या माणसानं माझा आवाज खाल्ला, दादा.’

एवढं लिहिलं नसतंस तर मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो असतो. त्याला तसा शब्द दिला होता. पण हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. त्याला शिव्या घालायचा मक्ता माझा आहे, आणि मी खोट्या शिव्या घालत नाही.

तर नीट बसून वाच.

नदीकाठच्या मैदानातला कार्यक्रम आठव, वारा सुटला होता आणि पडदे फडफडत होते तो. त्या दिवशी ‘ठेवलंय’ला तुझा आवाज पहिल्यांदा चिरला. लोकांना कळलं नाही, त्यांना वाटलं बिजागरी आणखी गंजली, टाळ्याच पडल्या. पण तू गाडीत स्पीकरच्या खोक्यामागे जाऊन रडलीस. म्हणालीस, ज्या दिवशी ही जागा लागणार नाही त्या दिवशी मी थांबणार, मला रस्त्यात कुठंही उतरवून द्या, तुम्ही दुसरी बाई बघा. आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही.

पुढच्या तालमीला तो तुझ्याआधी आला. माझ्या बासला हात घातला आणि तारा सैल करायला लागला. मी म्हटलं, काय चाललंय. म्हणाला, ‘अर्धा सूर खाली लाव. आणि तिला बोललास तर तुझ्याशी बोलणं बंद.’ मी म्हटलं, हे तर बक्षीसच झालं. पण लावला.

गिटार तीच, बोटं तिथंच, गाणं तेच. तुला हाताला काही फरक लागेना. तू गायलीस आणि जागा लागली, स्वच्छ, पहिल्यासारखी. तू म्हणालीस, बघा, सर्दी होती. तो म्हणाला, सर्दीच होती.

मग सर्दी वाढत गेली, चिमे. एका वर्षी अर्धा सूर, पुढं केव्हातरी आणखी थोडा, मग आणखी. एकदम नाही, दिवाणखान्यातलं कपाट कुणाला न कळता रोज बोटभर सरकवावं तसं. सैल तारा फडफडतात, म्हणून जाड तारा आल्या. तुझ्या बोटांना घट्टे पडले ते दिसत नव्हतं असं नाही. म्हणून गिटार तुला कधी लावू दिली नाही. तू सूर मोजायचं यंत्र लावून बघितलं असतंस तर सगळं बाहेर पडलं असतं.

आणि फुंक्या. माउथ ऑर्गन प्रत्येक पट्टीचा वेगळा लागतो, तार नाही ती पिळायला. लांब्यानं त्याला नवे आणून दिले, समजावलं, तो हो म्हणाला. आणि एके दिवशी तुझ्यासमोर, भर तालमीत, खिशातून दोन काढून विचारतो, ‘आता कुठल्या पट्टीत आहोत आपण?’ लांब्या एवढा ओरडला, एवढा ओरडला की तू म्हणालीस, हा जळतो याच्यावर. तुला ते पटलं, आणि तसंच पटू दे म्हणून तो आणखी ओरडला. फुंक्या बिचारा बाहेर गेला. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो तर म्हणाला, मला काढलं त्याचं वाईट नाही, पण तिला कधी सांगणार तुम्ही.

जुन्या रेकॉर्डचं आता तुझं तुलाच कळेल. तुझी ही पोरं त्या रेकॉर्डच्याच मूळ पट्टीत वाजवतात.

हे वाचून तुला वाटेल, दादा त्याची बाजू घेतोय. अजिबात नाही. माझ्या मते असला भेकड माणूस शोधून सापडणार नाही. हजार लोकांपुढे गुडघ्यावर बसून दातांनी गिटार वाजवायला लाज नाही वाटली, आणि स्वतःच्या बायकोला एक वाक्य सांगायला धजला नाही. सांगितलं असतं तर तू आदळआपट केली असतीस, दोन दिवस जेवली नसतीस, आणि तिसऱ्या दिवशी खालच्या पट्टीत गायला लागली असतीस. मी त्याला हे शंभरदा बोललो. त्याचं एकच. ती थांबेल, दादा. ती म्हणालीये थांबेन. जणू काही तू कधी म्हटलेलं केलंयस.

त्यानं तुझा आवाज खाल्ला नाही. तो तुझ्यापासून लपवला. हे जास्त वाईट की कमी, ते तू ठरव, मी मशिनी दुरुस्त करणारा माणूस आहे. आणि तूही काही कमी नाहीस हं. भाजीवाल्याच्या तोंडून स्वतःचं गाणं ऐकलंस तेव्हा कळायला नको, की तो वरच्या पट्टीत ओरडतोय आणि आपण खाली गातोय? तेव्हा तू म्हणालीस, भाजीवाला बेसूर आहे. बँडमधलं प्रत्येकजण तुझ्या मते बेसूर होतं, तू सोडून. नवरा-बायको शोभता तुम्ही एकमेकांना, दोघांनाही समोरचं दिसत नाही, एकाला निदान चष्म्याचं निमित्त आहे.

आता गिटारचं.

परवा ती माळ्यावरून काढली. तो स्टुलावर बसलेला होताच. मी सांगितलं, हिला तिकडे पाठवायचीये, त्या कार्यक्रमासाठी. गिटार घेतली, फडक्यानं पुसली, मग माझ्या खणातली कात्री घेतली आणि जाड तारा कापायला निघाला. मी म्हटलं, हे काय.

‘ती पोरं वर वाजवतात. तिची गिटार त्यांना जुळायला पाहिजे.’

‘आणि तिचा गळा?’

चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे एवढेसे आहेत त्याचे, मी विसरूनच गेलो होतो. म्हणाला, ‘ती म्हणते तिला जमतं. मी आणखी किती वर्षं तिला सांगू की सर्दी आहे?’

खिशातून बारीक तारांचं पाकीट काढलं. विकत घेऊन आला होता, म्हणजे कुठूनतरी कळलेलं होतं. ढोल्यानं सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही, जहाजापासूनची सवय. मी कात्री काढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाच्या हातातून काही काढून घेतलं आणि त्यानं दिलं.

मी त्याला सांगितलं की तुला सगळं लिहिणार आहे. मला वाटलं भांडेल. बराच वेळ दोऱ्याची रिळं इकडची तिकडे केली. मग गिटार परत मांडीवर घेतली आणि लावायला बसला. यंत्र नाही, काही नाही, नुसता कान लाकडाला टेकवून. तू गेल्यापासून त्यानं कुठल्याच गिटारला हात लावला नव्हता, तरी एक एक तार बरोबर तिथं जाऊन बसली, जिथं मागच्या थंडीत तुझा आवाज होता. वहिनी मागच्या खोलीतून बाहेर आली, म्हणाली, चिमी आली का?

तो उठला आणि गेला. चष्मा इथंच विसरला. मी तो मशीनच्या खणात टाकलाय, बसू दे आठवडाभर उजेडात डोळे मिचकावत.

जाताना विचारलं, चिमीला काही निरोप सांगतोस का. दाराशी थांबला. एवढी गाणी लिहिणारा माणूस, मला वाटलं आता काहीतरी पल्लेदार ऐकावं लागणार. म्हणाला, ‘सांग, तारा जाड आहेत. बोटं सांभाळ.’

गिटार घेऊन ढोल्या येतोय. तो आता माल पोचवायची गाडी चालवतो, तुझ्याच बाजूला फेरी आहे. त्याच्याकडून काही काढून घ्यायचा प्रयत्न करू नकोस, म्हणजे तो सगळं सांगेल, आणि चुकीचं सांगेल.

गिटारची पेटी उघडलीस की आधी दार लावून घे. मफलरवाला नको, पोरं नकोत. आपली पहिली रेकॉर्ड लाव, तीही पेटीत ठेवलीये. ‘पाणी तापत ठेवलंय’ सुरू झालं की सोबत ही गिटार छेड. दोन्ही जुळणार नाहीत. कानाला टोचेल. केवढा फरक आहे तो ऐक, घाई करू नकोस. मग रेकॉर्ड बंद कर आणि नुसत्या गिटारवर गा. त्यानंतर मला शिव्या द्यायच्या तर फोन कर, मी घेईन.

बारीक तारांचं पाकीटही पेटीच्या कप्प्यात घातलंय, त्यानं आणलेलं. त्या चढवून वर गायचं असेल तर वर गा, गळा तुझा आहे. खाली गायचं असेल तर त्या पोरांना स्वतःच्या तोंडानं सांग की मी इथं गाते, लोणी लावलेल्या तारा सैल करा. बघू तर खरं, त्या दिव्यांच्या पेट्यांत खाली उतरायची पेटी आहे का. आणि दोन्ही नको असेल तर गिटारची पेटी बंद कर आणि ढोल्याबरोबर परत पाठव. तो जेवल्याशिवाय हलत नाही, तेवढा वेळ आहे तुला.

फक्त या खेपेला जे काही लावशील ते तू स्वतः लाव. त्या पोरांच्या हातात देऊ नकोस. माझ्या नको. तो स्वतः तुझ्या दारात येऊन उभा राहिला, बिनचष्म्याचा, तरी त्याच्याही हातात देऊ नकोस. तार पिळायची खुंटी तुझ्या बोटांत असू दे, आणि तो बघत उभा राहू दे. त्याला त्याची शिक्षाही मिळेल आणि, काय सांगावं, थोडी सुटकाही.

मी बास वाजवायला येणार नाही असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते त्या पोरांसाठी लिहिलं होतं. तू कुठल्या पट्टीत गाणार ते कळव. माझा बास भिंतीला टांगलेला आहे, अजून आपल्याच पट्टीत, आणि तो वर चढवायला माझा हात होत नाहीये.

खालीच लावून बसलेला,
तुझा दादा